फक्त पेन्सिल वापरावी

डंडीच्या संग्रहालयात, तळघरात,
मर्डो किड यांच्या तैलचित्रांखाली
हा एक कागद निघाला.
सही नाही. तारीख नाही.
फोल्डरवर कुणीतरी कधीतरी लिहिलेलं:
किड यांचे कच्चे काम, बहुधा.

बहुधा हा शब्द आमच्याकडे फार खपतो.

मर्डो किड जहाजं रंगवायचा,
नगराध्यक्ष, नगराध्यक्षांचे कुत्रे.
या कागदावर मात्र हिलटाउनचा चढ आहे,
शनिवार दुपार, गिरण्या नुकत्या सुटलेल्या.
बाळगाडीत बाळ नाही, मळक्या चादरींचा ढीग,
तो रेटत धुणीघराकडे निघालेली एक.
तिची मनगटं अशी काढलीत
की माझी दुखायला लागतात.
रस्त्याच्या या कडेने हॅटवाल्या विणकरणी,
हातमोजे घालून,
त्या कडेने शाली पांघरलेल्या, सूत कातणाऱ्या,
आणि मधे हातभर मोकळी फरसबंदी
जिच्यावरून कुणीच चालत नाही.
वर खिडकीत एक नवरा, बाह्या सारून,
किटली धरून उभा.
गिरणीला बायका स्वस्त पडत, म्हणून तो घरी.
ट्राम आहे, पण अर्धीच.
कागद तिथे संपला.

कागद पाठकोरा.
मागच्या बाजूला तागाच्या गठ्ठ्यांचं बिल,
आणि बिलाच्या समासात बारीक अक्षरात
पाव, साबण, चरबी, कांदे दोन पेन्स.
दिवा तिरका धरला
की कांद्यांखाली खोडलेलं दिसतं:
पेन्सिल.

मोरॅगला दाखवलं.
ती म्हणाली, हिशेब कुणाचाही असू शकतो.
खरं आहे. मर्डो किडही
स्वतः जाऊन कांदे आणत असेल.
बहुधा.

रविवारी झेरॉक्स घेऊन आईकडे गेले.
आई ब्याण्णवची. पंधराव्या वर्षी मागावर उभी राहिली,
तिशीच्या आत कान गेले.
मागांच्या खडखडाटात सगळ्याच तशा बोलायच्या,
ओठ ताणून, आणि उरलंसुरलं बोटांनी.
अजूनही ती टीव्हीचा आवाज बंद करून
बातम्या बघते, आणि मंत्र्यांना शिव्या घालते
त्यांनी पुटपुटलेल्या गोष्टींबद्दल.

तिने चष्मा पुसला. कागद नाकाशी नेला.
किटलीवाल्याकडे बघून म्हणाली, आमचा बाप.
मग कोपऱ्यातल्या एका हॅटवर बोट ठेवलं,
त्या एकटीवर, जी चालायचं सोडून
थेट कागदाबाहेर बघते.
"काय म्हणतेय बघ की."
मला नुसतं उघडं तोंड दिसत होतं,
तोंडात शिशाची सावली.
"म्हणतेय, नाक नीट काढ गं, एल्सी."

एका क्षणाचे ओठ, आई,
त्यातून एवढं अख्खं वाक्य?

"ओठ एल्सीवर थांबलेत," आई म्हणाली,
"बाकीचं तिच्या नाकाकडे बघून कळतं."
आणि बिस्कीट चहात बुडवलं.

सोमवारी जुनी खानेसुमारी काढली.
किडच्या घरात चौथ्या ओळीवर एल्सपेथ,
वय एकतीस, नात्याच्या रकान्यात पत्नी,
व्यवसायाच्या रकान्यात एक आडवी रेघ.
तीही कुणा कारकुनाने मारलेली, फूटपट्टीने.

आमच्या नोंदवहीत 'आधार' असा रकाना आहे.
तिथे सही चालते, पत्र चालतं, पावती चालते.
ओठ चालत नाहीत.
आईचे तर नाहीतच.

तळघरात शाईला बंदी आहे,
दारावरच पाटी लावलीय:
चित्रांजवळ फक्त पेन्सिल वापरावी.
चुकलंच तर पुसता येतं म्हणून.

मी खोडरबर घेतला. फुंकर मारली.
एल्सी, एवढंच लिहिलं, आडनावाशिवाय.
पुढे प्रश्नचिन्ह द्यायला हवं होतं,
ते मोरॅग देईल.

किड यांचे, हे अजून वाचता येतं
तिच्या नावाखाली,
दिवा तिरका धरला तर.